उतारावरचा वीकेंड, पाच जण आणि 'अजून एकच रन'

चाकोरीबाहेर
मंडळी, धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आम्ही पाच जण. वर्षातून तीन-चार वेळा शुक्रवारी रात्री सायकली गाडीवर चढवायच्या, शनिवार-रविवार डोंगरउतारावर काढायचा आणि सोमवारी ऑफिसचा जिना कठडा धरून उतरायचा, असा आमचा कार्यक्रम. डाउनहिल. लिफ्टने नाहीतर जीपने वर जायचं आणि मुळं, दगड, ड्रॉप (अचानक तुटलेली उंच पायरी), बर्म (वळणावरची मातीची तिरकी भिंत) घेत खाली यायचं. चढ नाही म्हणून हा आळशांचा खेळ वाटत असेल तर एकदा दिवसभरात आठ रन करून बघा, आणि रात्री पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दाखवा.

पाचांतला एक खरोखर वेगवान आहे. दोघे बरे (त्यातला एक मी). चौथीने दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली. तिचं तंत्र आमच्यापेक्षा शुद्ध, पण उडी दिसली की ब्रेक. पाचवा फक्त या सहलींनाच सायकलवर बसतो, एरवी ती गॅरेजमध्ये धूळ खाते.

मागच्या खेपेला रविवारी संध्याकाळी हा पाचवा पडला. कॉलरबोन. दिवसाचा शेवटचा रन, सकाळपासून चार वेळा केलेली ट्रेल, आणि एक साधंसं सपाट डावं वळण. पुढचं चाक घसरलं, हा थेट खांद्यावर. आता हाड जुळलंय, डॉक्टरांनी हो म्हटलंय आणि पुढच्या महिन्यात परत जायचं घाटतंय.

दमल्यामुळे झालं हे मलाही कळतं. सामानाची यादी नकोय, ती हवी तितकी मिळते. विचारायचंय ते असं, की पाच वेगवेगळ्या वकुबाची माणसं दोन दिवस एकत्र कशी न्यायची? वेगवान कंटाळू नये, हळू माणसाला ओशाळं वाटू नये, आणि रविवारी पाचही जणांनी आपापली सायकल आपल्या हाताने गाडीवर चढवावी. बस.

गचका
आधी हे सांगा, आदल्या दिवशी किती रन झाले होते?

चाकोरीबाहेर
नऊ. रविवारचा तो सहावा.

गचका
मग वळणाला कशाला बोल लावता! पंधरावा रन. वर्षातून चारदा बसणाऱ्या माणसाचे हात तोवर हँडलबारला नुसते लटकत असतात.

उतारावर पाय नंतर दमतात, आधी जातो तो कोपरापासून मनगटापर्यंतचा हात. दगडांवर पकड घट्ट ठेवायची आणि त्याच हाताच्या एका बोटाने ब्रेकही सांभाळायचा. स्नायू फुगून लाकडासारखा होतो, बोटं ऐकेनाशी होतात. मग माणूस नकळत अंग मागे टाकतो, कोपरं सरळ करतो. वजन मागे गेलं की पुढचं चाक हलकं. बर्ममध्ये एक वेळ निभावतं, कारण तिथे मातीची भिंत धरून ठेवते. सपाट वळणात पुढच्या टायरवर भार नसेल तर तो मातीत रुतणार कसा? तुम्ही लिहिलंय ते तंतोतंत हेच.

आमच्यात दोन गोष्टी पाळतो. रविवार अर्धाच. आणि 'शेवटचा रन' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचं, 'अजून दोन, त्यातला शेवटचा सोडून.' अंधश्रद्धा म्हणा हवं तर. पण शेवटचा म्हटला की जो तो त्यात काहीतरी वसूल करायला जातो.

ब्रेकवाली
गचका, बाडीस (बाय डिफॉल्ट सहमत). थोडी भर घालते.

हात दमण्यामागे पुष्कळदा ब्रेक लिव्हर चुकीच्या जागी असणं हे कारण असतं. माझे हात लहान. पहिली दोन वर्षं मला वाटायचं मीच कमजोर. मग एकाने लिव्हर ग्रिपपासून आत सरकवून दिला, तर्जनी बरोबर टोकाच्या वळणावर पडेल असा, आणि रीचचा स्क्रू फिरवून तो बारच्या जवळ आणला. शाळेतली तरफ आठवा, टोकाशी जोर कमी लागतो. पाच मिनिटांचं काम, पण त्या दिवशी माझे दोन रन जास्त झाले आणि दोन वर्षं उगाच स्वतःला कोसल्याचा रागही आला.

दुसरं, ब्रेक घासत खाली येऊ नका. वळणाआधी, सायकल सरळ असताना, जोरात आणि थोडाच वेळ. मग सोडून द्या. सतत धरला की रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, तापतो, पॅड गुळगुळीत होतात, लिव्हर बारला टेकायला लागतो आणि हाताला तर क्षणाची उसंत नाही.

आता तुमच्या चौथीबद्दल. 'उडी दिसली की ब्रेक' हे वाचून मीच डोळ्यांसमोर आले. काय सांगता तिला? 'माझ्या मागे ये, माझाच वेग धर' असं असेल तर थांबा.

चाकोरीबाहेर
अगदी हेच सांगतो. काय चुकलं?

गचका
काही चुकलं नाही. सगळे असेच शिकले. टेबलटॉपला, म्हणजे वरून सपाट असलेल्या मातीच्या उडीला, वेग किती लागतो ते कुणी शब्दांत सांगूच शकत नाही. जाणत्याच्या चाकामागे राहिलं की कळतं.

ब्रेकवाली
वेग कळतो, उडी नाही कळत. पुढचा कडेवर पायांनी दाबून वर उठतो, मागचा भीतीने गोठून बसलेला असतो. वेग अगदी सारखा असूनही एक पलीकडच्या उतरणीवर अलगद टेकतो आणि दुसरा मध्येच आदळतो. शिवाय पुढच्याने ऐन वेळी ब्रेक दाबला तर मागच्याने काय करायचं?

टेबलटॉपवर कमी पडलात तरी मध्ये भरीव माती असते, दणका बसतो इतकंच. गॅपमध्ये मधली जागा रिकामी. म्हणून माझं म्हणणं असं: दोन-तीनदा चाक न उचलता लोळवून बघितलेल्या टेबलटॉपवर मागोमाग जायला हरकत नाही. गॅपवर कुणाच्याही मागे जाऊ नये. नवऱ्याच्या तर नाहीच.

गचका
टेबलटॉपपुरतं मान्य. नवऱ्याच्या मुद्द्यावर मी तटस्थ.

निवांत
अवांतर आहे, पण अगदीच नाही.

या खेळाचा उगमच मुळी दोस्तांच्या 'आपल्यात वेगवान कोण' या भांडणात आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्सजवळ, २१ ऑक्टोबर १९७६ ला काही टवाळ पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन मातीच्या एका रस्त्यावरून घड्याळ लावून खाली आली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही सगळी त्याच गोतावळ्यातली माणसं. सायकलींना कोस्टर ब्रेक, म्हणजे पॅडल उलटं दाबलं की मागचा हब आवळला जायचा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि तो उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं, म्हणजे 'रिपॅक' करावं लागायचं. त्या उताराला नावही तेच पडलं.

आणि पहिली शर्यत जिंकला ॲलन बाँड्स. का? तर न पडता खाली आलेला तो एकटाच होता. पुढे १९९० साली कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला जागतिक अजिंक्यपदात डाउनहिल आली. धुरापासून पदकापर्यंत चौदा वर्षं.

धागाकर्ते, तुमच्या वेगवान मित्राला बाँड्सची गोष्ट सांगा.

वाचनमात्र
धागा हायजॅक करतोय, क्षमस्व. मी पहिल्यांदाच जाणार आहे. निळी ट्रेल जमली तर लाल जमेल का? आणि भाड्याने २०० मिलिमीटरची डाउनहिल सायकल घ्यावी की एन्ड्युरो (जरा हलकी, चढालाही चालणारी) चालेल?

नटबोल्ट
आधी देश कुठला ते बघा. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ, निळा चौकोन, काळा हिरा, दोन काळे हिरे. त्यात लाल नाहीच. ब्रिटनमध्ये आणि युरोपात बऱ्याच ठिकाणी निळ्या-काळ्याच्या मध्ये लाल येतो. आणि रंग फक्त अवघड आहे एवढंच सांगतो, कशामुळे अवघड ते सांगत नाही. कॅनडातल्या व्हिसलरची ए-लाइन ही ट्रेल काळ्या दर्जाची आहे, पण खडक-मुळांमुळे नव्हे, उड्यांमुळे. दुसरीकडे त्याच रंगाच्या ट्रेलवर उडी एकही नसेल आणि नुसता ओल्या मुळांचा उभा जिना असेल. एक जमली म्हणून दुसरी जमते असं नाही.

सायकल मोठी घ्या. दुहेरी क्राउनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, वर दोन जागी जखडलेला मजबूत चिमटा) आणि २०० मिलिमीटरचं सस्पेन्शन तुमच्या निम्म्या चुका पोटात घालतं. त्यातच धोका आहे म्हणा, कारण वेग किती झालाय ते कळतच नाही. एन्ड्युरो तुम्हाला वेळीच दम देते. तरी पहिल्या दिवसाला मी मोठीच सुचवेन. सस्पेन्शनमध्ये तुमच्या वजनानुसार हवा भरून मागा. तुम्ही सगळं चिलखत चढवून पॅडलवर उभे राहिल्यावर मागचा शॉक त्याच्या प्रवासाच्या साधारण ३० टक्के दबायला हवा.

आणि निघण्याआधी ब्रेकची बाजू तपासा. ब्रिटनमध्ये उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, अमेरिकेत डावा. मी तपासलं नव्हतं. पहिल्याच बर्मच्या तोंडाशी मागचा समजून पुढचा दाबला आणि खाली सायकलच्या आधी पोचलो.

धागाकर्ते, यादी नको म्हणालात म्हणून दोनच गोष्टी सांगतो. चाक काढून सायकल गाडीत घालणार असाल तर ब्रेक पॅडच्या फटीत काहीतरी अडकवा, जाडसा पुठ्ठासुद्धा चालतो. वाटेत सामानाने लिव्हर दाबला गेला की पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि शनिवारची सकाळ पार्किंगमध्ये जाते. दुसरं, डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा. पाच जणांत मिळून एक सुटा हँगर आणणारे महाभाग मी पाहिलेत. फ्रेम बदलली की हँगर बदलतो. ज्याचा त्याने आणावा.

चेन तुटली तर मात्र रडू नका. २०१५ ला ऑस्ट्रियातल्या लिओगांगच्या डाउनहिल वर्ल्ड कपमध्ये अमेरिकेच्या ॲरन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली आणि पठ्ठ्या तसाच जिंकला. ते बघून आमच्यातल्या एकाने मुद्दाम चेन काढून ठेवली. उतारावर झकास आला. शेवटच्या सपाट रस्त्यावर आम्ही त्याला पार्किंगपर्यंत ढकलत नेलं.

वाचनमात्र
धन्यवाद! ब्रेकचं तर डोक्यातच आलं नसतं.

हाडजोड
पेशाने फिजिओ आहे म्हणून पाचव्याबद्दल. हाड जुळणं वेगळं आणि खांदा तयार असणं वेगळं. पुश-अप्स करताना दोन्ही बाजू सारख्या चालतात का, दुखतं का, हे निघायच्या आधी घरीच बघा. जमत नसेल तर निळ्या ट्रेलवर मजा करा, कुणी हसत नाही. आणि पडताना हेल्मेट आपटलं होतं का? आपटलं असेल तर ते गेलं असं समजा, बाहेरून कितीही ठाकठीक दिसो. आतला फोम एकदा दबला की पुन्हा तसा होत नाही.

आता कुणी पडलंच तर. सगळे धावतात पडलेल्याकडे. पहिल्याने जायचं ते ट्रेलवर वरच्या बाजूला, येणाऱ्यांना थांबवायला, सायकल आडवी टाकून. आंधळ्या वळणामागे बसलेल्या माणसावर दुसरा येऊन आदळणं हे मूळ पडण्यापेक्षा वाईट. मग पडलेल्याशी बोला, हात धरून उठवू नका. मान दुखते म्हणाला तर हेल्मेट तसंच राहू द्या, हलवू नका आणि मदत बोलवा.

डोक्याच्या माराला लोक फार हलक्यात घेतात. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय, डोकं दुखतंय, मळमळतंय, गोंधळलाय, यातलं एक जरी दिसलं तरी त्याचा दिवस संपला. 'मी ठीक आहे' हे त्याचं मत मोजायचं नाही, कारण मार बसलाय तो मत बनवणाऱ्या अवयवालाच. डॉक्टरला दाखवा आणि त्या रात्री एकटं सोडू नका, काही लक्षणं तासांनी उगवतात.

गचका
मूळ प्रश्न राहूनच गेला की. पाच जण एकत्र न्यायचे कसे? माझं उत्तर: दिवसभर एकत्र न्यायचेच नाहीत.

पहिला रन सगळ्यांनी मिळून, सोप्या ट्रेलवर, एकही उडी न मारता. रात्रीत पाऊस पडलेला असतो, कुठे नवीन चर पडलेली असते, कुठे झाड. अवघड जागी थांबून, उतरून, वर चालत जाऊन बघायचं. मग दोन आणि तीन अशी फाटाफूट. एकट्याने कुणीच जायचं नाही, वेगवानानेही नाही, कारण जोरात पडणारा तोच असतो. दुपारी जागा बदला. वेगवानाने एक रन सगळ्यात मागून यायचं, हत्यारं-पंप घेऊन. त्याला वाटेल शिक्षा आहे. पण मागून येताना त्याला दिसतं की बाकीचे कुठे अडतात, आणि तो 'अरे सोपंय' म्हणायचा बंद होतो. आमचा झाला.

फाट्यावर थांबून सगळे आल्याची खात्री करा. थांबायचं ट्रेलच्या बाहेर, वरून दिसेल असं. उडीच्या उतरणीवर उभं राहून गप्पा मारणाऱ्यांबद्दल लिहीत नाही, संपादक धागा उडवतील.

तोच_तो
नवीन खातं काढलंय. मी तो पाचवा.

धाग्याचा दुवा आमच्या चौथीने पाठवला. वर्णन छान जमलंय, फक्त एक गोष्ट गाळली आहे. त्या रविवारी पाचवा रन झाल्यावर मी हेल्मेट काढलं होतं. नी-पॅडही सैल केले होते. म्हटलं, माझे हात गेले, मी खाली बसतो. त्यावर आमचे धागाकर्ते म्हणाले, 'अरे लिफ्ट बंद व्हायला वीस मिनिटं आहेत. एकच तर!' मी पॅड पुन्हा आवळले.

दोष देत नाही. मला नाही म्हणता आलं नाही, ते माझं मी बघेन. पण इथे सगळे लिव्हर आणि टायरपर्यंत पोचलेत, म्हणून म्हटलं सांगावं.

चाकोरीबाहेर
हो. म्हणालो होतो.

धागा लिहिताना ते वाक्य आठवलंही होतं, खोटं कशाला बोलू. 'दमल्यामुळे झालं' असं लिहिणं सोपं गेलं. रात्री फोन करतो तुला.

निवांत
बापरे. आता कुठे धागा सुरू झाला.

ब्रेकवाली
असं म्हणणारा प्रत्येक गटात एक असतो, आणि बहुतेक वेळा तोच सहल ठरवणारा असतो. सगळं त्याने जुळवून आणलेलं, त्यामुळे एकही रन वाया गेलेला त्याला बघवत नाही. रागावून लिहीत नाही, आमच्यात ती मी आहे.

म्हणून आमच्याकडे हेल्मेट काढलं की त्या माणसाचा दिवस संपला. कारण विचारायचं नाही, चेष्टा नाही, आणि 'नक्की ना?' हेसुद्धा नाही. 'नक्की ना' हा अर्धा आग्रहच असतो. पाणी द्यायचं आणि वर जायचं. काढणाऱ्यालाही बंधन आहे, पाच मिनिटांनी मन बदललं तरी पुन्हा घालता येत नाही. हे दुसरं कलम सुरुवातीला जाचक वाटलं होतं. पण त्याच्यामुळेच पहिलं टिकलं, कारण कुणाला पटवत बसण्यात अर्थच उरला नाही.

हाडजोड
हे मी माझ्या पेशंटना सांगणार आहे. उगम म्हणून 'एक ब्रेकवाली' म्हणेन.

चाकोरीबाहेर
पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय. जाऊन आलो.

शनिवारी सहा रन. पहिला सगळ्यांनी मिळून, लोळवत. वेगवान मित्र कुरकुरला आणि मग तिसऱ्या वळणावर त्यालाच नवा चर दिसला, जो त्याच्या नेहमीच्या वेगाने दिसला नसता. नंतर तो आणि दुसरा बरा असे दोघे काळ्यावर, आम्ही तिघं निळ्यावर. मी चौथीच्या पुढे गेलो नाही, गप्प बसलो, जे मला जड गेलं. चौथ्या रनला तिने टेबलटॉप घेतला. पुढे कुणी नव्हतं, मागे मी बराच लांब होतो, त्यामुळे तो क्षण कुणीच बघितला नाही आणि ती त्यावरच सगळ्यात खूश आहे.

लिव्हर सरकवून दिले सगळ्यांचे. पाचव्याचे इतके बाहेर होते की तो दोन बोटांनी ब्रेक दाबत होता, इतकी वर्षं.

रात्री पाऊस झाला. रविवारी मुळांवर साबण फासल्यासारखं. मुळं काटकोनात ओलांडायची आणि त्यांच्यावर असताना ब्रेकला हात लावायचा नाही, एवढंच घोकत दोन रन केले. साडेअकराला खाली आलो तर पाचव्याने हेल्मेट काढलं. ऊन पडत होतं, ट्रेल वाळायला लागली होती, लिफ्ट पाच तास चालू राहणार होती. माझ्या जिभेवर आलं होतं. पाण्याची बाटली दिली आणि वर गेलो.

अजून दोन केले. शेवटचा सोडला. सायकली पाचही जणांनी आपापल्या चढवल्या.

तोच_तो
बाटली देताना याचा चेहरा बघण्यासारखा होता.

एक दुरुस्ती. सायकली सगळ्यांनी चढवल्या हे खरं, पण माझी डिरेलर लोंबत असलेल्या अवस्थेत. दुसऱ्या रनला दगडाला घासून हँगर मोडला.

नटबोल्ट
सुटा होता ना?

तोच_तो
होता.

नटबोल्ट
मग?

तोच_तो
घरी होता.